‘बाई, तुम्ही शिकलात कुठं?’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात सातव्या पानावर, बी-बियाण्यांच्या जाहिरातीखाली एक छोटी चौकट होती. ‘चाइल्ड अँड फॅमिली सायकोथेरपिस्ट व्हा! फक्त आठ आठवडे. घरबसल्या. शिक्षणाची अट नाही. प्रमाणपत्र मिळेल.’ शेजारी एका हसऱ्या मुलीचा फोटो. याच नावाची, म्हणजे मुलांवर आणि कुटुंबांवर औषधाविना मानसोपचार करणाऱ्यांची पाटी दाराला लावून मी सांगलीत विश्रामबागेत १९९६पासून बसले आहे. त्यामुळे समोरचा चहा तसाच राहिला आणि पत्र लिहायला घेतलं. ते लांबलं आहे. जागेअभावी कापावं लागलं तर कुठूनही कापा, फक्त मधला त्या मुलाचा भाग तेवढा ठेवा.

आपल्याकडे मंडईत भेंडी घेतानासुद्धा माणूस शेंडा मोडून बघतो. माझ्याकडे मात्र लोक पोटचं पोर आतल्या खोलीत सोडतात आणि बाहेरच्या बाकड्यावर मोबाइल काढून बसतात. मी कोण, काय शिकले, कुणाच्या हाताखाली शिकले, काही विचारत नाहीत. भिंतीवर काचेच्या चौकटीत दोन कागद टांगलेत. ते वाचायला बाकड्यावरून उठलेलं माणूस मी क्वचितच पाहिलंय. विचारलंच तर दोन गोष्टी विचारतात: फी किती, आणि ‘किती दिवसांत फरक पडंल?’

अपवाद निपाणीकडच्या एका आजोबांचा. जन्मभर तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिलेले गृहस्थ. नातवाला घेऊन आले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच सुरुवात केली. ‘बाई, तुम्ही शिकलात कुठं? किती वर्सं? आणि तुमचं काही चुकलं, तर तुम्हाला इचारनारं कोन?’ पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी धडाधड दिली. तिसऱ्याला अडखळले. इतकं नेमकं मला माझ्या तोंडी परीक्षेतही कुणी विचारलं नव्हतं.

त्यांना दिला तोच हिशेब आज आपल्या वाचकांना देते.

बी.ए. साताऱ्यात, एम.ए. पुण्यात, विषय मानसशास्त्र. एम.ए. झाल्यावर मला वाटायचं, आता सगळं येतं. येत होत्या त्या व्याख्या. त्यानंतर १९९१ ते ९३ अशी दोन वर्षं बंगळुरूच्या निम्हान्समध्ये, म्हणजे मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत, क्लिनिकल सायकॉलॉजीचं एम.फिल. केलं. ही पदवी ग्रंथालयात बसून मिळत नाही. सकाळी वॉर्ड, दुपारी बाह्यरुग्ण विभाग, रात्री केस लिहून काढायची आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर वाचून बोलणी खायची. मोठ्यांचा विभाग, मुलांचा विभाग, मेंदूच्या आजारांचा विभाग, असं पाळीपाळीने सगळीकडे फिरावं लागे.

त्यातला मला लागलेला नाद म्हणजे कुटुंब मानसोपचाराचा विभाग. तिथं रुग्णाबरोबर घरची माणसंही येऊन राहायची. आपल्या देशात ही कल्पना नवी नव्हती. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५०च्या दशकातच नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून रुग्णांसोबत राहायला बोलावलं होतं. जागा अपुरी होती हे एक कारण. पण घरची माणसं सोबत असली की रुग्ण लवकर सुधारतो आणि परत गेल्यावर घरात सामावतो, हे त्यांच्या लक्षात आलं. बंगळुरूत आम्हाला सांगत, ‘पहिली दहा मिनिटं कोण कुठं बसलं एवढंच बघा.’ बाप दाराशी, आई आणि मुलगा एका खुर्चीत दाटीवाटीनं, सासू मधोमध. कुणी काही बोलायच्या आत निम्मं घर समजतं.

मुलांच्या विभागातली माझी पहिली फजिती मात्र सांगितलीच पाहिजे. सात वर्षांची मुलगी. घरी चुरूचुरू बोलणारी, शाळेत वर्षभर एक शब्द नाही. मी पाऊण तास तिच्याशी ‘खेळले’. मग झालेला सगळा संवाद आठवून आठवून शब्दन् शब्द लिहिला आणि आमच्या मॅडमपुढे ठेवला. त्यांनी लाल पेनानं फक्त माझ्या वाक्यांपुढे खुणा केल्या आणि वही परत दिली. म्हणाल्या, ‘सतरा प्रश्न विचारलेस. तिनं दोनदा मान हलवली. फौजदार झालीयेस तू.’ पुढच्या वेळी मी गप्प बसले. तिनं चिकणमातीच्या एकवीस गोळ्या केल्या. मीही केल्या. तेवढंच. सहाव्या आठवड्याला तिनं माझी गोळी चपटी करून म्हटलं, ‘ही नीट नाही झाली.’ तिच्या तोंडून माझ्यासाठी निघालेलं ते पहिलं वाक्य. मोडक्या कानडीत का होईना, मला ते कळलं याचा मला केवढा आनंद झाला होता!

ती कानडी पुढं फार उपयोगी पडली. सांगली-मिरजेला अथणी, कागवाड, जमखंडीकडून माणसं येतात. मिरज तर दवाखान्यांचंच गाव. बुद्ध्यंक मोजायची बिने-कामत चाचणी आपल्याकडे वर्षानुवर्षं चालते. ती कामतांनी मराठी आणि कानडी मुलांसाठीच बसवलेली, त्यामुळे सीमाभागातल्या माणसाला ती घरचीच वाटते. अर्थात चाचणी घेणं हा आमच्या कामाचा अगदी लहान तुकडा. पालकांना मात्र आकडा हवा असतो. आकड्याचा कागद हातात पडला की मूल समजलं, असं त्यांना वाटतं.

बंगळुरूनंतर तीन वर्षं मुंबईत एका पालिका रुग्णालयात होते. तिथं रोज इतकी मुलं येत की चेहरे लक्षात राहत नसत. तरी हात तिथंच बसला. मुंबईला या कामाची परंपरा जुनी आहे. टाटांच्या समाजकार्य संस्थेनं १९३७ सालीच बालमार्गदर्शन केंद्र काढलं होतं. म्हणजे हे खूळ हल्लीचं, टीव्ही-मोबाइलनंतरचं, असं जे म्हणतात ते खरं नव्हे.

आता त्या मुलाबद्दल. ओळख पटू नये म्हणून गाव आणि एक-दोन तपशील बदलले आहेत.

वय नऊ. द्राक्षबागायतदाराचं घर. आई एकटीच घेऊन आली, काखेत धाकटी मुलगी, हातात फाइल. मुलगा अंथरुणात लघवी करायला लागला होता. आधी ऑनलाइन एका थेरपिस्टकडे चार सत्रं झाली होती. त्या थेरपिस्टच्या नावापुढंही अशाच एका झटपट कोर्सचं लेबल होतं. फाइलमध्ये रंगीत तक्ता: कोरड्या रात्रीला चांदणी, ओल्या रात्रीला फुली. सगळ्या फुल्या. खाली निष्कर्ष, ‘बहिणीच्या जन्मानंतर लक्ष वेधून घेण्याचे वर्तन. दुर्लक्ष करावे.’

हे कारण अगदी पटण्यासारखं होतं. बहीण झालेली, आई तिच्यात गुंतलेली. मलाही पहिल्या क्षणी तेच वाटलं. पण हाताला लागलेल्या सवयीनं मी ठरलेले प्रश्न विचारत गेले. आधी किती वर्षं कोरडा होता? दिवसा किती वेळा जातो? जळजळ? शौचाला साफ होते? घोरतो? पाणी किती पितो?

‘पाणी?’ आई म्हणाली. ‘अहो, शाळेतनं आला की दप्तर टाकायच्या आधी माठाला तोंड. रात्री उशाशी तांब्या लागतो. आम्ही म्हटलं, ऊन आहे.’

तेव्हा मी त्याच्याकडे पुन्हा नीट बघितलं. गणवेशाची चड्डी कमरेला सेफ्टी पिन लावून आवळली होती. जूनमध्ये नवीन घेतली होती, आई म्हणाली, आता घसरते.

मी खेळण्यांचं कपाट उघडलंच नाही. माझ्याच गल्लीतल्या बालरोगतज्ज्ञांना फोन करून त्या दोघांना तसंच तिकडे पाठवलं. साखर चारशेच्या वर निघाली. त्याच रात्री त्याला मिरजेत दाखल केलं. टाइप वन मधुमेह. आणखी थोडे दिवस ‘दुर्लक्ष करावे’ चाललं असतं तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी आईला सांगितलं नाही, मला सांगितलं.

यात माझी हुशारी शून्य आहे. बरीच वर्षं कोरडं राहिलेलं मूल पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलं, तर आधी शरीर तपासून घ्यायचं, मग मनाकडे वळायचं, हे आम्हाला पहिल्या महिन्यात घोटवून घेतलं होतं. आपलं काय नाही हे ओळखणं, यालाच शिक्षण लागतं. तो तक्ता करणारी व्यक्ती मनानं वाईट नव्हती. चांदण्या छान रंगवलेल्या होत्या. तिला पाण्याबद्दल विचारायला कुणी शिकवलंच नव्हतं.

माझं काम तीन आठवड्यांनी सुरू झालं. आता अख्खं घर आलं. वडील खुर्चीत, आई सतरंजीवर बाळाला घेऊन, आजी थेट उंबऱ्यापाशी, ‘मी काय बोलनार, मी आपली हितंच बरी.’ मुलगा कपाटाशी. त्याचा स्वतःचा एक पुठ्ठ्याचा खोका आहे, वर त्याचं नाव. प्रत्येक मुलाचा असतो, दुसऱ्याला तो उघडता येत नाही. त्यानं रबराची गाय काढली आणि पेनाच्या टोपणानं तिच्या पोटाला टोचायला लागला. मोजून टोचत होता. एक, दोन, तीन, चार.

वडील म्हणत होते, ‘आमच्यात कुणाला नाही हे. कुणालाच नाही.’ तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा उंबऱ्याकडून आवाज आला, ‘माझ्या आईला हुती साखर. माझ्याकडनंच आलं आसंल. आनि लाडू बी मीच द्यायची त्याला चोरून.’

खोली एकदम शांत. गाईला टोचणं थांबलं. आणि मी, अठ्ठावन्न वर्षांची बाई, काय केलं? घाईघाईनं समजावलं. की आजी, म्हातारपणी होते ती साखर वेगळी, ही वेगळी. हिच्यात शरीर स्वतःच इन्सुलिन करणाऱ्या पेशींवर उलटतं. लाडवानं होत नाही. सगळं खरं. आजींनी मान डोलावली, पदर तोंडाला लावला आणि मग पाऊण तास एक शब्द बोलल्या नाहीत.

आता निपाणीच्या आजोबांच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येते. माझं चुकलं तर मला विचारणारं कोण? पुण्यात माझ्या एक ज्येष्ठ बाई आहेत, वय चौऱ्याहत्तर. महिन्यातून एकदा मी त्यांच्यापुढं माझ्या केसेस मांडते, पूर्वी फोनवर, आता व्हिडिओवर. नावं न सांगता. त्याची फी भरते. पैसे देऊन बोलणी खाणारी बायको म्हणून माझे यजमान चेष्टा करतात. आमच्या धंद्यात याला सुपरव्हिजन म्हणतात. मराठीत पर्यवेक्षण म्हटलं की दहावीच्या परीक्षेतले पर्यवेक्षक आठवतात, म्हणून तोच शब्द ठेवते. या पुण्याच्या बाईंना मी वरचा आजींचा प्रसंग सांगितला. त्या म्हणाल्या, ‘तिनं एवढं मोठं गाठोडं सोडलं आणि तू त्यावर चटकन फडकं टाकलंस. कुणाला बरं वाटावं म्हणून? तिला की तुला?’

सतरा प्रश्न विचारणारी मुलगी तीस वर्षांनी सतरा उत्तरं द्यायला लागली होती, एवढाच फरक. पुढच्या वेळी मी आजींना एकट्यांना बोलावलं आणि तोंड बंद ठेवलं. त्या रडल्या, आईच्या पायाची जखम कशी चिघळली ते सांगितलं, आणि जाताना विचारलं, ‘ती सुई मला शिकीवतील का? सूनबाईला रानात जावं लागतंय.’ आता सकाळची सुई आजी देतात.

आठ आठवड्यांच्या चौकटीत हे कुठं बसवायचं, सांगा.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण इथं गोंधळ मोठा आहे आणि तो वाढवण्यात आपल्यासारख्या वृत्तपत्रांचाही हात आहे. आपण सगळ्यांनाच ‘मानसोपचारतज्ज्ञ’ छापता. सायकिअॅट्रिस्ट हे एमबीबीएस करून पुढं मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर. औषध डॉक्टरच लिहू शकतात. मी डॉक्टर नाही, औषध देत नाही; लोक ‘डॉक्टरीणबाई’ म्हणतात आणि मी रोज दुरुस्त करते. माझ्यासारख्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टसाठी भारतीय पुनर्वास परिषदेच्या रजिस्टरमध्ये नाव असावं लागतं. तो कायदा १९९२चा, अमलात आला १९९३ साली, म्हणजे मी बंगळुरूहून बाहेर पडले त्याच वर्षी. नोंदणीशिवाय काम करणाऱ्याला त्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. हजार रुपये! वाढदिवसाचा बरा केक त्याहून महाग पडतो. आणि ‘सायकोथेरपिस्ट’ हा शब्द तर त्या रजिस्टरात वेगळा वर्ग म्हणून नाहीच. तो कुणीही लावू शकतं. मी लावलाय, त्या जाहिरातीतले लोकही लावतील. २०२१च्या नव्या, संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठीच्या कायद्यात इतर मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांनाही घेतलं आहे, पण त्याखालची नोंदणी दाखवा असं म्हणणारा एकही पालक मला अजून भेटलेला नाही.

त्यात आता पदव्यांची नावं बदलताहेत. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२च्या नियमांत एम.फिल. बंदच केली, क्लिनिकल सायकॉलॉजीसाठी मुदत २०२५-२६पर्यंत वाढवून दिली. म्हणजे माझ्या पाटीवरची अक्षरं पुढच्या पिढीच्या पाटीवर दिसणार नाहीत. अक्षरांवर जाऊ नका. नोंदणी क्रमांक मागा, परिषदेच्या संकेतस्थळावर नाव शोधा आणि तिसरा प्रश्न विचारा. ‘तुम्ही तुमच्या केसेस कुणापुढं मांडता?’ यावर जो रागावेल, त्याच्याकडे मूल नेऊ नका.

लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये १९४८पासून मुलांच्या मानसोपचाराचं वेगळं शिक्षण सुरू झालं. एस्थर बिक नावाच्या बाईंनी तिथं एक विलक्षण प्रथा पाडली. शिकाऊ माणसानं एका घरी आठवड्यातून एक तास जायचं आणि जन्मलेलं बाळ बघत बसायचं, दोन वर्षं. सल्ला द्यायचा नाही, वही काढायची नाही. नुसतं बघायचं, घरी जाऊन लिहायचं आणि गटात वाचायचं. हे मी केलेलं नाही आणि त्याची मला आजही हळहळ वाटते. केलं असतं तर त्या आजींपुढं कदाचित गप्प बसले असते.

झटपट कोर्सवर माझा राग नाही, हेही लिहून ठेवा. अंगणवाडी सेविकेनं, वसतिगृहाच्या रेक्टरनं, शिक्षकानं असे चार वर्ग जरूर करावेत. नीट ऐकायला शिकलेला शिक्षक म्हणजे मुलांचं भाग्यच. आमच्याकडे येणारी कितीतरी मुलं एखाद्या झेडपीच्या बाईंनी ओळखून पाठवलेली असतात. माझं भांडण पाटीशी आहे. प्रथमोपचाराचा वर्ग केलेल्याला आपण सर्जन म्हणत नाही.

शिवाय मला काय येत नाही, तेही पाटीवर असायला हवं होतं. स्वमग्न मुलांबरोबरच्या कामाचं खास शिक्षण माझं नाही. अशा मुलाला मी दुसरीकडे पाठवते. अध्ययन अक्षमतेचा बोर्डाच्या सवलतीचा दाखला मी देत नाही, त्यासाठी सरकारमान्य रुग्णालय लागतं. घटस्फोटाच्या खटल्यात ‘मूल कुणाकडे राहावं’ याचं पत्र तर कुणी कितीही दिले तरी लिहीत नाही. यावरून दोन वकील माझ्यावर कायमचे नाराज आहेत.

आपल्याला विनंती एकच. शाळेच्या जाहिरातीत आपण मान्यता क्रमांक छापता, फ्लॅटच्या जाहिरातीत महारेराचा क्रमांक छापता. तसा मुलांवर उपचार करू म्हणणाऱ्यांच्या जाहिरातीतही नोंदणी क्रमांक मागा. नसेल तर ‘थेरपिस्ट’ हा शब्द काढायला लावा. त्या आठ आठवडेवाल्यांचं कार्यालय कुठं आहे एवढं तरी आपल्या जाहिरात विभागानं विचारलं होतं का, हे वाचायला आवडेल.

पत्राखाली माझं नाव छापू नये. छापलंत तर हीच माझी फुकटची जाहिरात व्हायची, आणि त्या मुलाच्या गावात कुणीतरी दोन आणि दोन चार करील. आपल्या खात्रीसाठी नोंदणी प्रमाणपत्राची झेरॉक्स सोबत जोडली आहे. तीही नुसती फाइलला लावू नका, पडताळून पाहा.

आपली,
एक वाचक
विश्रामबाग, सांगली